ख्मेरांच्या दारात

अंगकोर वाटच्या पश्चिम गोपुरात शिरलं की उजव्या हाताला आठ हातांची एक दगडी मूर्ती दिसते. तीन मीटरहून उंच. अंगावर केशरी-पिवळं रेशीम, पायाशी उदबत्त्यांची राख, केळी, कमळाच्या कळ्या. ही मूर्ती विष्णूची आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या गटातल्या पुण्याच्या एका काकूंनी चपला काढून हात जोडले आणि शेजारी चटईवर बसलेल्या ख्मेर आजींना मोठ्या आनंदाने सांगितलं, "विष्णू! आमचा देव!" आजी हसल्या. त्यांनी काकूंच्या हातात पेटवलेली उदबत्ती दिली आणि मूर्तीकडे बोट करून म्हणाल्या, "ता रीच." ता रीच हा या परिसराचा राखणदार. गावोगावचे लोक इथे येऊन नवस बोलतात, फेडतात. आजींच्या लेखी तो त्यांच्या गावाचा रक्षणकर्ता होता आणि तसा तो पिढ्यान् पिढ्या होता.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'नातं' हा विषय कळवला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हा कंबोडिया आला. मराठी पर्यटक आता मोठ्या संख्येने तिथे जातात. बहुतेक सहलींत व्हिएतनामला जोडून कंबोडिया असतो आणि अंगकोरच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. परतल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिथे सगळं आपलंच आहे." मी ज्या सहलीबरोबर गेले तिची आखणी वेगळी होती. सिएम रीप शहरात मुक्काम, सोबत परवानाधारक स्थानिक गाईड, आणि देवळांइतकाच वेळ बाजार, विहार, तळ्यावरची गावं आणि विणकरांसाठी राखलेला. गाईड चाळिशी ओलांडलेले होते. ख्मेर लोक थोरल्या भावंडाला 'बाँग' अशी हाक मारतात. आम्हीही त्यांना बाँगच म्हणू लागलो.

अपसव्य चालायची भिंत

सूर्योदयाला उत्तरेकडच्या तळ्याकाठी हजारो लोक मोबाइल उंचावून उभे राहतात. बाँगनी आम्हाला तिथे फार थांबू दिलं नाही. गर्दी न्याहारीला पांगली की त्यांनी आम्हाला पश्चिमेच्या ओवरीत नेलं आणि उजवीकडे वळायला सांगितलं. देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या नेमकं उलटं. अंगकोर वाटची शिल्पं याच क्रमाने लागतात. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने हे विष्णूचं मंदिर उभारलं. मरणानंतर त्याला 'परमविष्णुलोक' हे नाव मिळालं. देवळाचं तोंड मावळतीकडे आणि शिल्पांचा क्रम अपसव्य, यावरून हे राजाचं स्मृतिमंदिरही असावं असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडे अपसव्य आठवतं ते श्राद्धात, त्यामुळे गटातल्या ज्येष्ठांना हे चटकन उमगलं.

सुरुवात कुरुक्षेत्राने होते. दोन्ही सैन्यं दोन टोकांकडून येतात आणि मध्यावर भिडतात. वरच्या बाजूला शरपंजरी पडलेला भीष्म आहे. कोपरा वळल्यावर दक्षिणेच्या ओवरीत सूर्यवर्मन स्वतः दरबार भरवून बसलेला दिसतो आणि पुढे त्याचं सैन्य निघालेलं. मग यम, चित्रगुप्त, स्वर्ग आणि नरक. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन, सुमारे 49 मीटर लांबीचं एकच शिल्प. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये मंदर पर्वत, त्याखाली कूर्म आणि मधोमध विष्णू. फेसातून अप्सरा वर उडताहेत.

देवांच्या रांगेच्या अगदी शेवटी, वासुकीच्या शेपटीशी, एक वानर आहे. बाँग म्हणाले, "हे बघायला बहुतेक लोक इथवर येतच नाहीत, मध्यावर फोटो काढतात आणि वळतात." आपल्या कथेतल्या मंथनात वानर नाही. ख्मेर शिल्पकाराने त्याला तिथे आणलं, कारण त्याच्या मनातल्या कथेत तो होता. त्या वानरासमोर मी बराच वेळ उभी राहिले. कथा समुद्र ओलांडून गेली हे खरं, पण पलीकडच्या माणसांनी ती नुसती उतरवून घेतली नव्हती.

हेच शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या बांते स्रेईत अधिक ठळकपणे दिसतं. गुलाबी वालुकाश्माचं हे छोटं शिवमंदिर 967 साली प्रतिष्ठापित झालं. ते यज्ञवराह नावाच्या राजदरबारातल्या विद्वानाने बांधवलं. कोरीवकाम इतकं बारीक की लाकडात केल्यासारखं वाटतं. तिथे एका त्रिकोणी शिल्पपटावर रावण कैलास हलवतो आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाची पावलं इथे थबकतातच. वेरूळच्या रावणाच्या डोक्यावर डोंगर आहे, खडकातून काढलेला खडकच. बांते स्रेईच्या रावणाच्या डोक्यावर पायऱ्या-पायऱ्यांचा चौथरा आहे, ख्मेर राजे आपली देवळं बांधत त्याच आकाराचा. तिथल्या शिल्पकाराने डोंगर म्हटल्यावर स्वतःच्या देशातलं देऊळ डोळ्यांपुढे आणलं. दोन्ही शिल्पं थोर आहेत. एकाला मूळ आणि दुसऱ्याला नक्कल म्हणण्यात दोघांचंही नुकसान आहे.

'सगळं आपलंच' ही भावना आली कुठून? 1926 साली कोलकात्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली. परकीय सत्तेखाली दबलेल्या पिढीला आपल्या पूर्वजांनी समुद्रापार 'वसाहती' केल्या होत्या, या कल्पनेने बळ मिळालं. त्यांची गरज समजू शकते. आज मात्र ती कल्पना टिकत नाही. भारतातून सैन्य गेलं नव्हतं. व्यापारी, पुरोहित, ग्रंथ गेले, आणि काय घ्यायचं ते ख्मेर राजांनी आणि पंडितांनी ठरवलं. संस्कृत शिलालेखांच्या बरोबरीने त्यांनी ख्मेर भाषेतही लेख कोरले. देवाची स्तुती बहुधा संस्कृतात आणि जमीन, तांदूळ, सेवक यांचा हिशेब ख्मेरमध्ये. राज्य त्यांचंच होतं.

जांभा, वाळू आणि पाणी

कोकणातला माणूस अंगकोरला गेला तर पहिल्याच दिवशी एक ओळखीचा दगड शोधून काढेल. कोरीव वालुकाश्म बाहेरून दिसतो, पण कित्येक देवळांचा गाभा, तटबंद्या आणि चौथरे जांभ्याचे आहेत. जमिनीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. वालुकाश्म सुमारे 40 किलोमीटरवरच्या प्नॉम कुलेन डोंगराच्या पायथ्याकडून आला, बहुधा कालव्यांतून तराफ्यांवर. दगडांवर आजही गोल भोकं दिसतात, त्यांत खुंट्या ठोकून ते उचलत. दोन दगडांमध्ये चुना नाही, घासून घासून बसवलेले सांधे आहेत. खरी कमान ख्मेर गवंड्यांनी वापरली नाही. दगड थोडे थोडे पुढे काढत वर मिटवायचे, म्हणून ओवऱ्या अरुंद राहिल्या.

देवळांभोवती आज जंगल दिसतं, पण जंगलाच्या जागी शहर होतं. 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझरने जमिनीची मोजणी झाली तेव्हा झाडांखाली रस्ते, तळी, घरांचे उंचवटे यांची आखीव जाळी उघडी पडली. दगड देवांसाठी होता. माणसं, राजासुद्धा, लाकडी घरांत राहत. ती घरं कुजून गेली आणि दगड उरला. म्हणून अंगकोर म्हणजे नुसती देवळं असा आपला समज होतो.

या शहराचा प्राण पाणी होतं. पश्चिम बाराय हा हजार वर्षांपूर्वी बांधलेला तलाव जवळजवळ आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे, आणि त्यातलं पाणी आजही शेतीला जातं. चौदाव्या-पंधराव्या शतकांत दीर्घ अवर्षणं आणि मध्येच प्रचंड पूर आले हे झाडांच्या वर्तुळांवरून समजलं आहे. कालव्यांचं जाळं त्यात मोडत गेलं. राजधानी अंगकोरहून हलण्यामागे युद्धं होती, बदललेला व्यापार होता आणि हेही होतं.

इथे पर्यटकाने कान द्यावा अशी एक गोष्ट आहे. ही देवळं वाळूच्या भरावावर उभी आहेत, आणि ती वाळू ओलसर असेल तोवरच भार नीट पेलते. सिएम रीपमध्ये हॉटेलं वाढली, विंधन विहिरी वाढल्या, भूजल खाली जाऊ लागलं. 2018 मध्ये अंगकोर पाहायला 25 लाखांहून जास्त परदेशी लोक आले. प्रत्येकाची अंघोळ त्याच पाण्याने होते आणि हॉटेलची प्रत्येक चादर त्यातच धुतली जाते. जुने खंदक आणि तलाव पुन्हा भरून घेण्याचं काम तिथल्या 'अप्सरा' प्राधिकरणाने गेल्या काही वर्षांत नेटाने केलं आहे. अंगकोर वाटच्या खंदकात तुडुंब पाणी दिसतं, ते देऊळ उभं राहावं म्हणूनही असतं.

बायोनची भिंत आणि सकाळचा बाजार

सातव्या जयवर्मन राजाचं बायोन हे देऊळ सगळ्यांना आठवतं ते दगडी मनोऱ्यांवरच्या मंद हसणाऱ्या चेहऱ्यांसाठी. मला आठवते त्याची खालची बाहेरची भिंत. तिच्यावर माशांनी भरलेलं तळं आहे, होड्या आहेत. दोन माणसं कोंबड्यांची झुंज लावून बसली आहेत, कुणी पटावर खेळतंय. एक बाई बाळंत होते आहे. एक बाई तागडीने वजन करते आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाने आपल्या देवळावर हे कोरू दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1296 मध्ये चिनी शिष्टमंडळाबरोबर आलेल्या झोउ दागुआनने अंगकोरचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तो म्हणतो, इथला व्यापार बायका सांभाळतात. दुकानं नसतात, जमिनीवर चटई पसरून विक्री चालते, जागेचं भाडं अधिकाऱ्याला द्यावं लागतं आणि दुपारपर्यंत बाजार उठतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बाँगनी आम्हाला बाजारात नेलं तेव्हा हे सगळं समोर होतं. विकणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. गळ्यात किंवा डोक्याला चौकड्यांचा सुती क्रामा, हाच पंचा, हीच बाळाची झोळी, हाच उन्हातला आडोसा. समोर गवती चहाच्या जुड्या, ओली हळद, गलांगल, मकरूट लिंबाची पानं, लसूण. हे सगळं खलबत्त्यात एकत्र कुटलं की 'क्रोउंग' हे वाटण होतं आणि बहुतेक ख्मेर कालवणांची सुरुवात त्याने होते. त्यात माशाचे तुकडे आणि नारळाचं दूध घालून केळीच्या पानात उकडलं की आमोक. गटातल्या मालवणच्या एका ताईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पुढच्या रांगेत राखाडी रंगाचे ढीग होते, वास लांबूनच येत होता. हे प्राहोक. छोटे मासे साफ करून, तुडवून, मीठ लावून, महिनोन् महिने मुरवलेले. कंबोडियाचं जेवण भात, मासे आणि प्राहोक यांवर चालतं, आणि ते मासे येतात तोनले साप सरोवरातून. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि पाणी सरोवरात शिरतं. सरोवर पाच-सहा पट पसरतं, काठची जंगलं बुडतात, त्या बुडालेल्या झाडांत मासे वाढतात. पाऊस ओसरला की नदी पुन्हा सुलट होते. कार्तिकी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव होतो, तो याच पाण्याचा. सरोवरावरच्या कोम्पोंग प्लुक गावातली घरं दोन मजली उंचीच्या खांबांवर आहेत. आम्ही गेलो तेव्हा पाणी पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर होतं आणि मुलं शाळेतून होडीने घरी येत होती. वरच्या धरणांमुळे आणि अवर्षणांमुळे अलीकडे काही वर्षं पूर उशिरा आला, कमी आला. तसं झालं की मासा घटतो आणि त्याची झळ थेट या घरांतल्या चुलीपर्यंत पोहोचते.

एक मनापासून सांगते. आपल्या सहलींत रोज रात्री डाळ-पोळीची सोय असते. ज्यांना पथ्य आहे, व्रत आहे, त्यांच्यासाठी ती हवीच. इतरांनी मात्र एक तरी जेवण ख्मेर घरात जेवावं. भाज्या, टोफू आणि क्रोउंग घालून शाकाहारी आमोकही करतात, आधी सांगितलं तर.

पहाटेचे भाताचे गोळे

आमची सहल भाद्रपदाच्या वद्य पक्षात होती. त्याच पंधरवड्यात कंबोडियात 'प्चुम बेन' असतो. आपला पितृपक्ष आणि त्यांचा हा सण पंचांगातले तेच दिवस वाटून घेतात, आणि दोन्हींचा शेवट अमावस्येला होतो.

पहाटे चारच्या आधी बाँग आम्हाला शहराबाहेरच्या एका विहारात घेऊन गेले. त्यांच्या पत्नी, सासूबाई आणि दोन मुली आधीच आल्या होत्या. अंधारात शेकडो माणसं अनवाणी उभी. बायकांच्या हातात वाडगा, त्यात चिकट तांदळाचे तीळ लावलेले गोळे, एक मेणबत्ती, उदबत्त्या. आत भिक्खूंचं पाली पठण सुरू होतं. मग सगळे विहाराभोवती फिरू लागले आणि चालता चालता ते गोळे अंधारात, गवतावर, भिंतीच्या कडेला टाकू लागले. श्रद्धा अशी की या पंधरवड्यात प्रेतलोकाचं दार उघडतं. भुकेले आत्मे आपल्या माणसांना शोधत येतात. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून हे पहाटेच्या आत करायचं. आत्मा सात विहार धुंडाळतो आणि कुठेच आपली माणसं सापडली नाहीत तर दुःखी होऊन शाप देतो असं मानतात, म्हणून बरीच कुटुंबं एकाहून अधिक विहारांत जातात.

बाँगच्या सासूबाईंनी आमच्या गटातल्या काकूंना वाडगा पुढे केला. काकूंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. पिंडदान आपल्याकडे बहुतेक घरांत पुरुषांनी करायचं. इथे लेकी, सुना, आज्या स्वतःच्या हाताने आपल्या मृतांना जेवू घालत होत्या. काकूंनी गोळा घेतला आणि टाकला. नंतर त्या मला म्हणाल्या, "आईला दिला. तिचं मी कधीच काही केलं नव्हतं."

सासूबाईंच्या गोळ्यांतले किती कुणासाठी, हे बाँगनी उजाडल्यावर सांगितलं. सासूबाईंचे वडील आणि दोन भाऊ 1977 साली नेले गेले, ते कुठे संपले ते कुणालाच माहीत नाही. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या सैन्याने प्नॉम पेन्ह घेतलं आणि शहर रिकामं केलं. पैसा बंद, शाळा बंद, बाजार बंद, भिक्खूंना चीवर उतरवायला लावलं, प्चुम बेनही बंद. 7 जानेवारी 1979 ला ती राजवट कोसळेपर्यंत उपासमार, कष्ट, रोग आणि कत्तली यांत सुमारे 17 लाख माणसं गेली, म्हणजे देशातला पाचातला एक तरी माणूस. बहुतेकांचे अंत्यसंस्कार झाले नाहीत. अंधारात टाकलेला तो गोळा हे त्यांच्यासाठी करता येण्यासारखं एकमेव काम उरलं आहे.

म्हणून मला वाटतं, कंबोडियाला गेलेल्याने प्नॉम पेन्हचं तुओल स्लेंग टाळू नये. शाळेच्या इमारतीचा तिथे तुरुंग केला होता, आणि किमान 12,000 माणसं तिथून मरणाकडे पाठवली गेली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने तुओल स्लेंग, 'चोयुंग एक' हे वधस्थळ आणि एम-13 हा तुरुंग या तीन जागांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. देवळांचा वारसा पाहायचा आणि हा गाळायचा, हे बरोबर नाही.

बोटांत जपलेलं

सिएम रीपच्या मोठ्या उपाहारगृहांत रात्री जेवताना 'अप्सरा नृत्य' दाखवतात. लोकांना वाटतं, भिंतीवरच्या अप्सरा हजार वर्षं अशाच नाचताहेत. दरबारी नृत्याची परंपरा जुनी आहे, पण आज दिसतो तो अप्सरा नाच विसाव्या शतकाच्या मध्यात राणी कोस्समाक यांनी बसवून घेतला आणि त्यांची नात राजकन्या बुप्पा देवी यांनी तो जगभर नेला. त्यामुळे तो कमी ठरत नाही. जिवंत परंपरेत नव्या रचना होतच राहतात.

ख्मेर रूजच्या काळात दरबारी कलावंतांपैकी बहुसंख्य मारले गेले किंवा उपाशी मेले. जी थोडी माणसं वाचली त्यांनी 1979 नंतर एकमेकांना शोधलं. एम थिए या नर्तकी-गायिकेने गाण्यांची आणि नाचाची आपली वही त्या सगळ्या वर्षांत जपून ठेवली होती. बाकीचं आठवणीत होतं. एकीला एक नाच अर्धा आठवे, दुसरीला उरलेला. असं जोडत जोडत पुन्हा शिकवणं सुरू झालं. आम्ही एक वर्ग पाहिला. सहा-सात वर्षांच्या मुली बोटं मागे वाकवून बसल्या होत्या. कोंब, पान, फूल, फळ अशा मूळ मुद्रा. बाई एकेका बोटाचा कोन हाताने सरळ करत होत्या. दीड तासात एकही मुलगी थकल्यासारखी दिसली नाही.

बाट्टाम्बांगची 'फारे पोनलेउ सेल्पाक' ही संस्था याच धडपडीतली. निर्वासित छावणीत चित्रकला शिकलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या फ्रेंच शिक्षिकेने 1994 मध्ये ती उभी केली. तिथे शिकलेली मुलं 2013 पासून सिएम रीपमध्ये सर्कस करतात, प्राणी नसलेली, गोष्ट सांगणारी. जेवणाबरोबरच्या नाचापेक्षा तुमचं तिकीट तिथे काढा, हे माझं स्पष्ट मत.

पास आणि घर

अंगकोरच्या प्रवेशपासावर तुमचा फोटो छापतात. एका दिवसाचे 37 डॉलर, तीन दिवसांचे 62, सात दिवसांचे 72. प्रत्येक पासातले दोन डॉलर कांथा बोफा बालरुग्णालयांना जातात, तिथे मुलांवर मोफत उपचार होतात. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत केव्हाही वापरता येतो.

अंगकोरचं उद्यान म्हणजे 400 चौरस किलोमीटरचा मुलूख. त्यात गावं आहेत, शेतं आहेत, ताडाचा गूळ उकळणारी घरं आहेत. 2022 पासून इथल्या सुमारे 10,000 कुटुंबांना रुन ता एक इथल्या नव्या वसाहतीत हलवलं गेलं. सरकार म्हणतं, ही अनधिकृत घरं होती आणि लोक स्वखुशीने गेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2023 च्या अहवालात म्हटलं, दबाव होता आणि नव्या जागी सोयी अपुऱ्या होत्या. ज्या वारशासाठी आपण पासाचे पैसे देतो, तो राखायचा म्हणून कुणाचं तरी अंगण जात असेल, तर पाहणाऱ्यालाही त्याची जाण हवी. माझ्या मते देवळाभोवतीची माणसं हटवून राखलेलं अंगकोर अपुरं राहील. ता रीचपुढे उदबत्ती लावणाऱ्या आजी तिथूनच येतात.

आपल्या सहल कंपन्यांच्या हातात यातलं पुष्कळ आहे आणि आपल्या हातात त्याहून जास्त. जागा नोंदवण्याआधी विचारा. अंगकोरचा पास किती दिवसांचा आहे? सोबत स्थानिक गाईड असेल ना, आणि त्याला बोलायला वेळ मिळेल ना? एखादं जेवण गावातल्या घरात आहे का? खरेदीची दुकानं कुणाची आहेत? एका दिवसाचा पास असेल तर तीन दिवसांचा मागा. फरक 25 डॉलरचा आहे.

जमलं तर भाद्रपदात जा. पाऊस असतो, पण खंदक भरलेले असतात, तोनले साप पसरलेलं असतं आणि गर्दी कमी असते. पहाटे विहारात जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कुणी वाडगा पुढे केला, तर नाही म्हणू नका.